खेड्यातल्या रुग्णालयात डीएनबी फॅमिली मेडिसिन करावं का?

नवा_एमओ

नमस्कार मंडळी. मी मूळचा लातूर जिल्ह्यातला. एमबीबीएस झालं, सरकारी सेवेच्या बाँडवर प्राथमिक आरोग्य केंद्रात मेडिकल ऑफिसर आहे. बाँड संपत आलाय आणि नीट-पीजीची रँक हातात आहे. मेडिसिन, पेडियाट्रिक्स त्या रँकवर मिळणार नाही. दोन गोष्टी मिळू शकतात. एक म्हणजे भूलशास्त्राचा दोन वर्षांचा एनबीईचा (राष्ट्रीय परीक्षा मंडळाचा) डिप्लोमा, जिल्ह्याच्या ठिकाणी. दुसरं म्हणजे त्याच मंडळाची पदव्युत्तर पदवी, डीएनबी फॅमिली मेडिसिन, तीन वर्षं. त्याची एक जागा आदिवासी भागातल्या ट्रस्टच्या रुग्णालयात दिसतेय, एक शहरातल्या मोठ्या खासगी रुग्णालयात.

माझा ओढा फॅमिली मेडिसिनकडे आहे. केंद्रावर बसल्यावर एकाच खुर्चीत शुगर, खोकला, पाठदुखी, अंगावरून जाणं, बाळाचे जुलाब सगळं येतं. परवा एक आजी आल्या, पिशवीत तीन वेगवेगळ्या डॉक्टरांच्या गोळ्या. त्यातल्या दोन तर एकाच औषधाच्या, नावं वेगळी. यातलं काय चालू ठेवायचं आणि काय बंद करायचं, हे मला साडेपाच वर्षांत कुणी शिकवलेलं नाही. ते नीट शिकावं असं मनापासून वाटतं.

वडील शिक्षक आहेत. ते म्हणतात, "अजून तीन वर्षं घालून जीपीच व्हायचं असेल तर आत्ताच गावात दवाखाना टाक." मामांचं म्हणणं, भूल घे, प्रत्येक ऑपरेशनला तुला बोलावणं येईल.

अनुभवी लोकांनी सांगावं. खेड्यातल्या रुग्णालयात खरंच शिकवतात, की ड्यूटीला माणूस हवा म्हणून घेतात? आणि पुढे काम कुठं मिळतं?

खाडीकाठचा_डॉक्टर

अरे, वडिलांना सांग की "जीपीच" म्हणण्याएवढं हे काम सोपं नाही. मी महाड-पोलादपूर पट्ट्यात आयुष्यभर प्रॅक्टिस केली, नुसत्या एमबीबीएसवर. आमच्या वेळी फॅमिली मेडिसिन असा विषय शिकायलाच नव्हता. जे आलं ते पेशंटकडून आणि जुन्या कंपाउंडरकडून आलं, आणि त्याला फार वर्षं लागली.

आमच्याच भागातलं उदाहरण देतो. डॉ. हिंमतराव बावस्कर बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. तेव्हा लाल विंचू चावून माणसं, त्यातही पोरं, दगावायची. ते रात्र रात्र पेशंटच्या उशाशी बसून नाडी आणि ब्लडप्रेशर लिहीत राहिले. प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध विंचूदंशावर चालतं हे त्यातून उभं राहिलं आणि लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. हे काम मुंबईच्या वॉर्डात झालंच नसतं, कारण विंचू चावलेला माणूस तिथवर पोचायचाच नाही.

माझा सल्ला मात्र थोडा वेगळा. जमलं तर शहरातल्या मोठ्या रुग्णालयाची जागा घे. तिथं केसेस भरपूर, सगळ्या विषयांचे तज्ज्ञ एका छताखाली. पाया पक्का होईल, गाव कुठं पळून जात नाही.

सातपुडा_ओपीडी

खाडीकाठचे सर, तुमच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून शेवटच्या मुद्द्यावर वेगळं मत मांडते.

मी स्वतः डीएनबी फॅमिली मेडिसिन केलं आणि आता नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी एका छोट्या रुग्णालयात याच विषयाचे रेसिडेंट शिकवते. शहरातल्या मोठ्या रुग्णालयात फॅमिली मेडिसिनचा रेसिडेंट मेडिसिन, सर्जरी, गायनॅक, पेडियाट्रिक्स अशा युनिटांत फिरतो. प्रत्येक युनिटाचे स्वतःचे रेसिडेंट असतात. डिलिव्हरी त्यांची, छातीतलं पाणी काढणं त्यांचं, हाड बसवणंही त्यांचंच. तुझ्या वाट्याला डिस्चार्ज कार्ड येतं. पाहायला पुष्कळ मिळतं, हात थोडा बसतो. आणि एकदा घरी गेलेला पेशंट तुला पुन्हा दिसत नाही. माझ्या मते खरं नुकसान तिथं आहे. आपण दिलेल्या औषधाचं सहा महिन्यांनी काय झालं, हे ज्याला कळत नाही त्याला फॅमिली मेडिसिन शिकवता येत नाही.

एक प्रसंग सांगते. पावसाळ्यातली पहाट. चाळिशीची बाई, पोटात दुखतंय, दोन उलट्या झाल्यात. पहिल्या वर्षाची रेसिडेंट ड्यूटीवर. तिनं पोट तपासलं, मऊ होतं. ॲसिडिटीचं इंजेक्शन लिहायला घेतलं. मी शेजारीच उभी होते. म्हटलं, "रात्री कुठं झोपली होती, विचार." सिस्टरनं पावरीत विचारलं. शेतातल्या झोपडीत, खाली जमिनीवर. "आता तिला वर बघायला सांग." पापण्या अर्ध्यावरच थांबल्या. अंगावर चावल्याची खूण कुठंच नव्हती.

मण्यार. तिचे दात इतके बारीक की खूण बहुतेक वेळा सापडत नाही, आणि सुरुवात कित्येकदा पोटदुखीनंच होते. काचेच्या कोरड्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवलं, ते व्यवस्थित गोठलं. रेसिडेंटच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. पण ती चाचणी घोणस आणि फुरशासाठी. मण्यारीचं विष मज्जातंतूंवर जातं, रक्त गोठतं तसंच गोठत राहतं. एएसव्ही, म्हणजे सापाच्या विषावरचं औषध, सुरू केलं. रिॲक्शन आली तर हाताशी असावं म्हणून ॲड्रेनॅलिन आधीच सिरिंजमध्ये भरून ठेवलं. तासाभरात श्वास उथळ व्हायला लागला. श्वासनलिकेत नळी घातली आणि व्हेंटिलेटर असलेल्या रुग्णालयापर्यंत घाटातून सगळा रस्ता रेसिडेंटनं हातानं श्वास द्यायची अँबू बॅग दाबत नेली. बाई वाचली.

हे सगळं पुस्तकात आहे, एखादा हुशार मुलगा वाचून पाठ करेल. पण "कुठं झोपली होती" हा प्रश्न त्या वेळी तोंडात यायला शेजारी कुणीतरी उभं असावं लागतं. आणि आमचं शिकवणं पेशंट वाचला तिथं थांबत नाही. ती बाई घरी परतल्यावर रेसिडेंटला मी तिच्या पाड्यावर पाठवलं. घरात खाट एकच, ती सासऱ्यांची. मच्छरदाणी सरकारनं दिलेली होती, पण ती धान्यावर पांघरलेली. जमिनीवर झोपणाऱ्यानं मच्छरदाणी अंथरुणाखाली चारी बाजूंनी खोचली तर मण्यारीपासून बराच बचाव होतो. रेसिडेंट आणि आशाताई दोघींनी घरोघर बसून ती खोचून दाखवली. या कामाला परीक्षेत मार्क नाहीत, पण मी ते करून घेतेच.

दुसरी गोष्ट टीबीची. आमच्याकडची गावंच्या गावं दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला जातात आणि होळीला परततात. ऑक्टोबरात ज्याचं सहा महिन्यांचं औषध सुरू झालं, तो महिन्याभरात बैलगाडी किंवा ट्रकवर असतो. शहरात शिकलेला डॉक्टर कार्डावर "पेशंट आलाच नाही" असं लिहून मोकळा होतो. माझा रेसिडेंट मुकादमाचा नंबर मिळवतो, टोळी कुठल्या कारखान्याच्या हद्दीत उतरणार ते विचारतो, तिथलं जवळचं केंद्र शोधतो, निक्षयवर (टीबी रुग्णांच्या सरकारी पोर्टलवर) पेशंट तिकडे ट्रान्सफर करतो आणि तिथल्या माणसाला फोन करून सांगतो की अमुक माणूस येतोय, त्याला औषधानं पेशाब लाल होण्याची भीती वाटते, समजावून सांगा. हे वैद्यकशास्त्र नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी अर्धवट औषध घेऊन परतलेल्या माणसाचा एक्स-रे बघावा.

महाराष्ट्रात ही वाट नवीन नाही. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्या, बऱ्याचशा निरक्षर बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्याच बायकांना घरी जाऊन नवजात बाळ तपासायला, न्यूमोनिया ओळखायला शिकवलं. त्याचा अभ्यास १९९९ साली लॅन्सेटमध्ये आला. आज देशभरातल्या आशा बाळंतपणानंतर ४२ दिवसांत सहा-सात भेटी देतात, त्याचं मूळ तिथं आहे. म्हणून माझे नवे रेसिडेंट आधी आशाताईंच्या मागं चालतात, स्टेथोस्कोप पिशवीत ठेवून. दंडाला पट्टी लावून मूल अतितीव्र कुपोषित आहे का ते बघायचं, ११.५ सेंटिमीटरच्या आत आलं की काय करायचं, आई पोषण पुनर्वसन केंद्रात चौदा दिवस राहायला का तयार नसते, घरी बाकीची पोरं कोण बघणार, हे सगळं तिथं कळतं.

२०२० साली नियम झाला की एमडी-एमएसच्या प्रत्येक रेसिडेंटनं तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करायचं. चांगला नियम आहे, मी त्याच्या बाजूनं आहे. पण तीन महिन्यांत मुलाला रस्ते कळतात, माणसं कळायच्या आत तो परत जातो. बाँडचंही तेच. बाँडवरच्या एमओला एकट्याला केंद्रावर बसवतात, विचारायला कुणी नाही, मग तो घाबरून सगळं रेफर करायला शिकतो. गावात डॉक्टर टिकत नाहीत याचं खापर मुलांच्या आवडीवर फोडतात. मला ते पटत नाही. एकटं टाकल्यावर कुणीही पळेल. शिकवणारा शेजारी असेल तर टिकतात, हे मी डोळ्यानं बघतेय.

आता तुझी शंका, की ड्यूटीला माणूस म्हणून घेतात का. काही ठिकाणी घेतात. ट्रस्टचं नाव मोठं म्हणून भुलू नकोस. तिथं जाऊन दोन दिवस राहा आणि रात्री लेबर रूमच्या बाहेर बस. रात्री दोनला रक्तस्राव थांबत नसेल तर सीनियर उठून येतो की फोनवरच सांगतो, ते बघ. डिलिव्हरी रजिस्टर चाळ, पहिल्या वर्षाच्या मुलांच्या नावापुढं सीनियरचं नाव आहे का बघ. पेशंट दगावल्यावर सगळे बसून बोलतात का, की विषय झाकतात, हे सिस्टरांना विचार. आधीच्या बॅचची मुलं आता कुठं आहेत ते विचार आणि त्यांच्याशी स्वतः बोल. गाइड वर्षभर तिथंच राहतात की महिन्यातून एकदा येतात, हे तर सगळ्यात आधी. शिकवणारा जागेवर नसेल तर ती जागा सोड, मग ती कितीही सुंदर डोंगरात असो.

उपकेंद्र_सिस्टर

मॅडमनी आशाताईंचं लिहिलं म्हणून मी पण लिहिते. मी जव्हार तालुक्यात एएनएम, म्हणजे उपकेंद्रावरची परिचारिका, आहे. आमच्याकडे शिकाऊ डॉक्टर येतात. त्यांना दोन गोष्टी शिकवा ही विनंती.

घरी बाळंत झालेल्या बाईला रागावू नका. एकदा ओरडा बसला की ती पुढच्या खेपेला दुखलं तरी येत नाही, आणि तिच्या जावा-नणंदाही येत नाहीत.

आणि रेफर केलेल्या पेशंटचं पुढं काय झालं ते आम्हाला कळवा. मागं एका गरोदर बाईला झटके आले. मी झटके थांबवायचं मॅगसल्फ दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅम दिलं आणि १०८ मधून पाठवली. तिचं काय झालं म्हणून जीव टांगणीला. तिथल्या रेसिडेंट डॉक्टरांनी संध्याकाळी स्वतःहून फोन केला. "सिस्टर, बाई ठीक आहे, मुलगा झाला, तुम्ही डोस बरोबर दिला होता." त्या दिवसापासून माझी चिठ्ठी त्या डॉक्टरांच्या नावानंच जाते. असे डॉक्टर तयार करा.

मिरजकर_क्वीन्सलंड

मूळचा मिरजेचा, आता ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमधल्या एका छोट्या गावातल्या रुग्णालयात आहे. धागा वाचून राहवलं नाही.

इकडेही गावांना डॉक्टर मिळत नव्हते. १९९७ मध्ये ग्रामीण डॉक्टरांचं स्वतंत्र कॉलेज निघालं आणि २००५ मध्ये रोमा नावाच्या छोट्या गावी झालेल्या करारातून 'रूरल जनरलिस्ट'ची कल्पना पुढे आली. त्या कॉलेजचं प्रशिक्षण चार वर्षांचं. सगळ्या वयाच्या माणसांचं रोजचं वैद्यक शिकायचंच, शिवाय एक वर्ष एखादं जादा कौशल्य, म्हणजे भूल किंवा प्रसूती वगैरे. माझं भूल आहे. सकाळी बीपीचे पेशंट बघतो आणि दुपारी सिझेरियनला भूल देतो. पगार आणि पद दोन्ही त्यासाठी ठरवलेलं आहे, आणि माझ्या मते पदाचा भाग पैशाइतकाच महत्त्वाचा.

म्हणजे नवा_एमओ, तुझे वडील आणि मामा ज्यावर भांडतायत ते दोन्ही इकडे एकाच डॉक्टरला शिकवतात. आपल्याकडे तसा जोड अभ्यासक्रम व्हायला हवा असं मला फार वाटतं.

नवा_एमओ

सगळ्यांचे आभार. सिस्टरताई, तुमचा प्रतिसाद मी केंद्रातल्या आमच्या सिस्टरना वाचून दाखवला, त्यांनी अजून तीन तक्रारी सांगितल्या, त्या लिहून घेतल्यात.

सातपुडा मॅडम, तरी भुलीचा विचार डोक्यातून जात नाही. आमच्या ग्रामीण रुग्णालयात ऑपरेशन थिएटर आहे, सर्जन अधूनमधून येतात, पण भूल द्यायला कुणी नाही म्हणून सिझेरियनची बाई लातूरला जाते. मी भूल घेतली तर तिथं लगेच फरक पडेल ना? आणि डीएनबीनंतर सरकारी नोकरीचं काय? जाहिरातीत फिजिशियन, सर्जन, भूलतज्ज्ञ दिसतात, फॅमिली मेडिसिन मला तरी दिसलं नाही.

सातपुडा_ओपीडी

तू म्हणतोस ते अगदी खरं आहे. भूल देणारा नसल्यानं बायकांना तासन्‌तास प्रवास करावा लागतो, त्यात जीव जातात. थिएटरमध्ये तुझं मन रमत असेल तर भूल घे, मी तुला अडवणार नाही. फक्त मामांच्या बोलावण्याच्या हिशोबासाठी घेऊ नकोस, कारण तो हिशोब तुला तालुक्यातून उचलून जिल्ह्याला नेईल आणि तुझ्या ग्रामीण रुग्णालयातलं थिएटर पुन्हा रिकामं राहील. शिवाय एमबीबीएस डॉक्टरांसाठी सरकारचं काही महिन्यांचं जीवरक्षक भूल प्रशिक्षण आहे, एलएसएएस म्हणतात त्याला. फॅमिली मेडिसिन करून ते जोडता येईल का याची चौकशी कर. मिरजकर सांगतात त्याच्या जवळ जाणारा तोच रस्ता आज आपल्याकडे आहे.

पण तुझी पहिली पोस्ट मी पुन्हा वाचली. त्यात तू थिएटरबद्दल एक ओळ लिहिलेली नाहीस. आजींच्या पिशवीबद्दल लिहिलंस. एकाच औषधाच्या दोन गोळ्या तू ओळखल्यास आणि त्या रात्री घरी जाऊन त्याचा विचार केलास. मला तेवढं पुरेसं आहे.

नोकरीचं लपवणार नाही. सरकारी जाहिरातीत या विषयाचं वेगळं पद क्वचितच दिसतं, आणि हा मोठा अन्याय आहे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात फॅमिली मेडिसिन वाढवायचं म्हणून लिहिलंय. धोरणात लिहायचं आणि जागा काढायच्या नाहीत, यानं चांगली मुलं हातची जातात. यासाठी आम्ही अर्ज-निवेदनं करत असतो, करत राहू. तोपर्यंत ट्रस्टची ग्रामीण रुग्णालयं, शिकवण्याच्या जागा आणि स्वतःचा तालुक्यातला दवाखाना, या तीन वाटा आहेत. माझ्या हाताखालून गेलेल्यांपैकी काही जणांनी मिळून तालुक्याच्या गावी दवाखाना काढलाय, आळीपाळीनं रात्री बघतात, त्यामुळं कुणी एकटा पडत नाही. पोटापुरतं व्यवस्थित मिळतं. शहरातल्या सुपरस्पेशालिस्टाइतकं मिळणार नाही, हे वडिलांना आत्ताच सांगून ठेव.

काउन्सेलिंगच्या चॉइस भरायच्या आधी इकडे ये. उन्हाळ्यात येऊन उपयोग नाही, तेव्हा रस्ते चांगले असतात आणि अर्धी गावं रिकामी. पाऊस लागल्यावर ये, साप, जुलाब, मलेरिया, अडलेल्या बाळंतिणी सगळं तेव्हाच असतं. वडिलांनाही घेऊन ये. शिक्षक आहेत म्हणतोस, तर ओपीडीत माझ्या शेजारी बसू देत एक दिवस. आमच्या आश्रमशाळेतल्या सिकलसेलच्या मुलांशी बोलायला मला एक अनुभवी शिक्षक हवाच आहे. राहण्याची सोय आणि नंदुरबारहून येणाऱ्या एसटीच्या वेळा व्यनि (खासगी निरोप) केल्यात.